गाईच्या ढेकराचा हिशेब भागधारक का मागतात?

डॅनोन ही फ्रान्सची दही-दूध विकणारी मोठी कंपनी. आपण जे ताजं दूध विकत घेतो त्यामागे निघणारा मिथेन वायू २०२० च्या तुलनेत २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी कमी करू, असं तिने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केलं. घोषणा दोन ओळींची. पण हा मिथेन डॅनोनच्या कारखान्यातून निघतच नाही. गोठा शेतकऱ्याचा, चारा शेतकऱ्याचा, ढेकर गाईचा. आणि आकडा द्यायचा पॅरिसमधल्या कंपनीने. तशी सक्ती कुठल्या सरकारने केलेली नव्हती. दह्याचा डबा घेताना गिऱ्हाईक काही मिथेन विचारत नाही. मग कंपनी स्वतःच्या गळ्यात हे लोढणं कशाला अडकवून घेईल? कारण हा प्रश्न गेली काही वर्षं वेगळीच मंडळी लावून धरत आहेत. पर्यावरणवादी संस्था त्यात आहेतच, पण त्यांच्या बरोबरीने कंपनीचे शेअर बाळगणारे पेन्शन फंड, विमा कंपन्या आणि मोठाले फंड चालवणाऱ्या संस्थाही आहेत.

आधी वायूचं बघू.

गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही रवंथ करणारी जनावरं. कडबा, उसाचं वाढं, वाळलं गवत त्यांना पचतं, कारण त्यांच्या पोटाला चार कप्पे असतात आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या कप्प्यात, म्हणजे कोटीपोटात, असंख्य सूक्ष्मजीव चारा आंबवत असतात. आंबताना हायड्रोजन सुटतो. तो साचत गेला तर आंबण्याची क्रियाच मंदावते. म्हणून तिथलीच सूक्ष्मजीवांची एक जमात हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांचा मिथेन करते आणि गाय तो बाहेर सोडते. यावर पादण्याचे विनोद पुष्कळ होतात, पण जवळजवळ सगळा मिथेन तोंडावाटे, ढेकरातून निघतो. मोठ्या गाईच्या पोटातून दिवसाला अडीचशे ते पाचशे लिटर एवढा. चाऱ्यातली २ ते १२ टक्के ऊर्जा यात उडून जाते. वैरणीचे भाव पाहता शेतकऱ्याने या आकड्याकडे जरूर लक्ष द्यावं: ज्याचं दूध व्हायचं त्याची हवा होते. शेणातूनही मिथेन निघतो, पण मुख्यतः ते पाण्यात कालवून मोठ्या तळ्यात साठवलं तर. अमेरिकेतल्या मोठ्या डेअऱ्यांत तसंच करतात. आपल्याकडे गोवऱ्या थापून वाळवलेल्या शेणातून तो फारसा निघत नाही.

कार्बन डायऑक्साइड हे पिढ्यानपिढ्या न फिटणारं कर्ज म्हटलं तर मिथेन हे सावकाराचं हातउसनं आहे: व्याज जबर, पण मुदत थोडी. हवेत मिथेन साधारण १२ वर्षं टिकतो. तेवढ्यात तो इतकी उष्णता अडवतो की २० वर्षांचा हिशेब केला तर टनाला टन तो कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट भरतो. १०० वर्षांवर पसरवला तर जनावरांचा मिथेन २७ पट. म्हणून ज्यांना २०३० आणि २०४० ची चिंता आहे ते मिथेनच्या मागे लागतात. आज कमी केला तर फरक याच पिढीला दिसतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२१ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार माणसामुळे निघणाऱ्या मिथेनपैकी सुमारे ३२ टक्के पशुधनाचा, ३५ टक्के तेल-वायू-कोळशाचा, २० टक्के कचरा आणि सांडपाण्याचा आणि ८ टक्के भातशेतीचा. त्याच वर्षी ग्लासगोच्या हवामान परिषदेत अमेरिका आणि युरोपीय संघाने पुढाकार घेऊन २०३० पर्यंत जगाचा मिथेन ३० टक्क्यांनी कमी करण्याचा संकल्प मांडला. दीडशेहून अधिक देश त्यात आले. भारत आला नाही. डॅनोनचे ३० टक्के आले ते या संकल्पातून.

पैसेवाल्यांना गाईशी काय देणंघेणं

पेन्शन फंड म्हणजे कुणी साधुसंत नव्हेत. त्यांचं काम एकच, तीस-चाळीस वर्षांनी निवृत्त होणाऱ्या माणसाला पैसे परत देता येतील असं बघणं. पण एवढ्या लांबचा विचार करायचा म्हटलं की काही गोष्टी दिसू लागतात. एक म्हणजे कर. डेन्मार्कने जून २०२४ मध्ये शेतकरी संघटनांना सोबत घेऊन ठरवलं, की २०३० पासून जनावरांच्या उत्सर्जनावर, कार्बन डायऑक्साइडच्या मापाने, टनामागे ३०० क्रोनर आणि २०३५ पासून ७५० क्रोनर कर लागेल. त्यात ६० टक्के सूट आहे, म्हणजे प्रत्यक्षात १२० आणि ३००. रक्कम मोठी नाही. पण एका देशात पायंडा पडला की दूध आणि मांसाच्या कंपनीचा शेअर घेणाऱ्याला तो खर्च मनात धरावा लागतो. दुसरी गोष्ट दुष्काळ, उष्मा आणि चाऱ्याचे भाव: ज्या कंपनीचा सगळा माल जनावरांवर उभा आहे तिला हवामानाचा फटका आधी बसतो. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यांत पटणारी वाटते. मोठा फंड बाजारातल्या जवळजवळ सगळ्याच कंपन्यांचा थोडाथोडा मालक असतो. मांस कंपनीने उत्सर्जन वाढवून नफा कमावला आणि त्यापायी विमा कंपनी, बंदर, वीज कंपनी यांचं नुकसान झालं, तर फंडाच्या एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशातून गळतात.

अशा गुंतवणूकदारांना एकत्र आणणाऱ्या संस्थांत लंडनची फेअर ही ठळक. जेरेमी कोलर या गुंतवणूकदाराने ती उभी केली. मांस, दूध आणि मासे विकणाऱ्या, शेअर बाजारात नोंदलेल्या जगातल्या ६० मोठ्या कंपन्यांना ती दरवर्षी उत्सर्जन, पाणी, जंगलतोड, प्रतिजैविकांचा वापर अशा निकषांवर जोखते. अमेरिकेत सेरेस ही संस्था असंच काम करते.

दबाव म्हणजे नेमकं काय करतात? बाहेरून वाटतं तेवढं नाट्य त्यात नसतं. सुरुवात पत्राने होते. जानेवारी २०१९ मध्ये ऐंशीहून अधिक गुंतवणूकदारांनी, ज्यांच्या हाताखाली मिळून साडेसहा लाख कोटी डॉलरचा पैसा होता, मॅकडोनाल्ड्स, केएफसी, डॉमिनोज, बर्गर किंग, वेंडीज आणि चिपोटले चालवणाऱ्या कंपन्यांना लिहिलं: तुमच्या मांस आणि दुधाच्या पुरवठादारांकडून होणाऱ्या उत्सर्जनाचं आणि पाण्याचं लक्ष्य ठरवा आणि दरवर्षी प्रगती सांगा. पत्रानंतर बंद दाराआड बैठका. बैठकांनी भागलं नाही तर वार्षिक सभेत प्रश्न, मग ठराव. अमेरिकेत नियम असा आहे, की कंपनीचे २,००० डॉलरचे शेअर तीन वर्षं बाळगणारा माणूससुद्धा ठराव मांडू शकतो. असा ठराव बहुतेक वेळा बंधनकारक नसतो. पण तीस टक्के मतं ठरावाच्या बाजूने, म्हणजे संचालकांच्या विरोधात गेली तर संचालकांची झोप उडते, कारण पुढच्या पायरीवर त्यांच्या स्वतःच्या फेरनिवडीचं मतदान असतं. शेवटचा उपाय शेअर विकून मोकळं होणं. तो वापरला की बोलण्याचा हक्कही जातो, म्हणून शहाणे फंड तो लांबवतात.

आकड्यांतली पळवाट

मागणी पाहिली तर पहिली ओळ नेहमी एकच असते: मिथेन वेगळा दाखवा. हा हट्ट कशासाठी ते एका उदाहरणावरून कळेल. समजा एखाद्या दूध कंपनीच्या पुरवठादारांच्या गोठ्यांतून वर्षाला १,००० टन मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या मापाने कंपनी तो २७,००० टन कार्बन डायऑक्साइडएवढा दाखवेल. वीस वर्षांच्या मापाने तोच ८०,००० टनांच्या वर जातो. शिवाय हा आकडा डिझेल, वीज, खत, वाहतूक या सगळ्यांत मिसळून एकच बेरीज छापली, की मिथेन वाढला की कमी झाला हे कुणाला कळायचा मार्गच उरत नाही. सौर पॅनेल बसवून बेरीज थोडी खाली आणायची आणि गोठ्याचं नाव काढायचं नाही, असं खुशाल करता येतं.

दुसरी पळवाट लिटरमागच्या आकड्याची. न्यूझीलंडची फोंटेरा ही शेतकऱ्यांच्या मालकीची अवाढव्य सहकारी संस्था. तिने नोव्हेंबर २०२३ मध्ये गोठ्यावरचं उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं, पण दुधाच्या प्रमाणात, एकूण नव्हे. डॅनोनचं लक्ष्य मिथेनच्या एकूण टनांचं आहे. लिटरमागे २० टक्के कमी केलं आणि दूध ५० टक्के वाढवलं, तर एकूण वायू शंभराचा एकशे वीस होतो आणि अहवालात मात्र '२० टक्के घट' असं छापता येतं. फोंटेराचं दूध असं वाढलं आहे असं मी म्हणत नाही. लक्ष्य कुठल्या प्रकारचं आहे एवढं बघितलं की अर्धा अहवाल वाचल्यासारखा आहे.

तिसरी पळवाट सर्वांत मोठी. ब्राझीलची जेबीएस ही जगातली सर्वांत मोठी मांस कंपनी. तिने २०२१ मध्ये 'टिकाऊ विकासाशी जोडलेले' रोखे काढले, म्हणजे पर्यावरणाचं लक्ष्य चुकलं तर व्याज वाढवून द्यायचं. पण ते लक्ष्य फक्त तिच्या स्वतःच्या कारखान्यांपुरतं होतं. गाई, चारा, कुरणं हे सगळं पुरवठादारांच्या खात्यात, म्हणजे हिशेबाबाहेर. मायटी अर्थ या संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या बाजार नियंत्रकाकडे, एसईसीकडे, तक्रार केली, की कंपनीच्या एकूण उत्सर्जनातला ९७ टक्के वाटा असा बाहेर ठेवून तिने सुमारे ३.२ अब्ज डॉलरचे रोखे विकले. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांनी जेबीएसच्या अमेरिकी शाखेवर '२०४० पर्यंत निव्वळ शून्य' या जाहिरातीवरून खटला भरला.

इथेच एक खोच आहे. जेबीएसच्या मतांचा ताबा बतिस्ता कुटुंबाकडे आहे. अमेरिकेच्या टायसनमध्ये टायसन कुटुंबाकडे दहा-दहा मतांचे खास शेअर आहेत. तिथे बाहेरच्या सगळ्या भागधारकांनी मिळून हात वर केले तरी ठराव पडतोच. फ्रान्सची लॅक्टालिस तर बाजारात नोंदलेलीच नाही. ती बेनिए कुटुंबाची. म्हणजे ज्यांच्या माथ्यावर मिथेनचा बोजा सर्वांत जास्त त्यांच्यापर्यंत गुंतवणूकदारांचा हात पोहोचत नाही. तो पोहोचतो डॅनोन, नेस्ले, स्टारबक्स, मॅकडोनाल्ड्स अशांपर्यंत, जिथे शेअर विखुरलेले आहेत आणि नावाला जपावं लागतं. म्हणून दबावाचा खरा मार्ग आडवळणाचा: मांस-दूध विकत घेणाऱ्या कंपनीवर जोर द्यायचा आणि तिने पुरवठादाराला विचारायचं.

आणि विखुरलेले शेअर दुधारीही असतात. डॅनोनचे प्रमुख इमॅन्युएल फाबेर यांनी कंपनीच्या नफ्यातून कार्बनची किंमत वजा करून दाखवायला सुरुवात केली होती. २०२० मध्ये कंपनीच्या घटनेत समाज आणि पर्यावरणाची उद्दिष्टंही लिहून घेतली. ब्लूबेल आणि आर्टिसन या गुंतवणूकदारांनी शेअरचा भाव मागे पडतोय म्हणून आवाज उठवला आणि मार्च २०२१ मध्ये फाबेर यांना जावं लागलं. त्यांच्या जागी आलेल्या आंत्वान द सेंत-अफ्रिक यांच्या काळात मिथेनचं लक्ष्य जाहीर झालं. 'गुंतवणूकदार' ही एकजिनसी जमात नाही, हे यापेक्षा चांगलं कुठे दिसेल?

औषध आहे, पण बिल कुणाचं?

आता गोठ्यात जाऊ. मिथेन कमी करण्याचा सध्याचा सर्वांत चर्चेतला उपाय बोवेअर नावाची पावडर. डीएसएम-फर्मेनिच ही कंपनी ती बनवते. गाईला रोज पाव चमचाभर खुराकात मिसळून दिली की कोटीपोटात मिथेन तयार करणारं एक एन्झाइम अडतं आणि दुभत्या गाईचा मिथेन सुमारे ३० टक्के घटतो. युरोपीय संघाने तिला फेब्रुवारी २०२२ मध्ये परवानगी दिली, अमेरिकेने मे २०२४ मध्ये. दुसरा उपाय अ‍ॅस्परॅगॉप्सिस या लाल समुद्रशेवाळाचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या प्रयोगात त्याने मांसाच्या जनावरांचा मिथेन ८० टक्क्यांपर्यंत कमी केला. पण एवढं शेवाळ पिकवायचं कुठे, हा प्रश्न आहेच.

अडचण अशी, की बोवेअरने दूध वाढत नाही. शेतकऱ्याला रोजचा खर्च आणि बदल्यात काही नाही. पावडरचा असर थोडा वेळच टिकतो, त्यामुळे ती खुराकात सतत मिसळावी लागते. गोठ्यात बांधलेल्या गाईंना ते जमतं, दिवसभर कुरणात चरणाऱ्यांना नाही. शिवाय लोकांच्या मनाचा भाग राहतोच. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२४ मध्ये आर्ला या सहकारी संस्थेने काही दुकानांच्या साखळ्यांबरोबर तिच्या चाचणीची घोषणा केली आणि समाजमाध्यमांवर काहूर उठलं. लोकांनी दूध मोरीत ओततानाचे व्हिडिओ टाकले. बिल गेट्स यांचं नाव उगाच गोवलं गेलं. त्यांनी पैसे गुंतवले होते ते दुसऱ्याच कंपनीत. २०२५ च्या शेवटी डेन्मार्कच्या काही शेतकऱ्यांनी पावडर सुरू केल्यावर गाई आजारी पडल्याच्या तक्रारी केल्या, तेव्हा चित्र आणखी गढूळ झालं. त्या तक्रारी तपासल्या पाहिजेत, अफवांच्या ढिगात टाकून चालणार नाही.

म्हणून मला वाटतं, गुंतवणूकदारांनी विचारायचा खरा प्रश्न 'लक्ष्य किती टक्के?' हा नसून 'शेतकऱ्याला लिटरमागे जादा किती देणार?' हा आहे. बऱ्याच कंपन्यांच्या कृती आराखड्यात या जागी गुळमुळीत शब्द सापडतात: भागीदारी, प्रोत्साहन, प्रशिक्षण.

पशुपालकांच्या बाजूनेही एक मुद्दा आहे आणि तो फेटाळण्यासारखा नाही. कळपाची संख्या स्थिर राहिली तर जुना मिथेन विरतो तेवढाच नवा येतो. तापमान त्यामुळे फारसं वाढत नाही. कोळशाचं तसं नाही. न्यूझीलंडचे शेतकरी हेच सांगत आले आणि तिथल्या सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये जनावरांच्या मिथेनचं २०५० चं लक्ष्य २४ ते ४७ टक्क्यांवरून १४ ते २४ टक्क्यांवर आणलं. युक्तिवाद शास्त्राला धरून आहे. पण त्यात एक गोष्ट दडते: ज्याचा कळप आधीच मोठा, त्याला तो आहे तसा ठेवण्याची मुभा मिळते आणि गरीब देशाने एक म्हैस वाढवली तर ती मात्र वाढ ठरते.

दरम्यान वारं फिरलंय. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत बेल, डॅनोन, जनरल मिल्स, क्राफ्ट हाइन्झ, लॅक्टालिसची अमेरिकी शाखा आणि नेस्ले यांनी मिळून दुधाचा मिथेन मोजण्याची आणि आराखडा छापण्याची आघाडी केली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये नेस्ले तिच्यातून बाहेर पडली. अमेरिकेत राजकीय विरोध वाढल्यावर जेपी मॉर्गन आणि स्टेट स्ट्रीटच्या फंड शाखांनी फेब्रुवारी २०२४ मध्येच 'क्लायमेट अ‍ॅक्शन १००+' हा गुंतवणूकदारांचा गट सोडला होता. डॅनोन मात्र टिकून आहे. तिच्या मिथेनच्या घटीत पावडर आणि खुराकाचा वाटा किती, आणि दूध कमी घेतल्याचा किती, हे दरवर्षी विचारलं पाहिजे.

आपल्याकडे हा दबाव का लागू पडत नाही

भारत जगातला सर्वांत मोठा दूध उत्पादक. २०२३-२४ मध्ये सुमारे २३.९ कोटी टन. गाई-म्हशी मिळून तीस कोटी. म्हणजे जनावरांच्या मिथेनमध्येही आपण वरच्याच क्रमांकावर. पण हे दूध येतं दोन-चार जनावरं बाळगणाऱ्या घरांतून, आणि ग्लासगोच्या मिथेन-संकल्पावर सही न करण्यामागे भारताची भूमिका तीच होती: छोट्या शेतकऱ्याची चूल यावर पेटते.

शेअर बाजाराच्या बाजूने पाहिलं तर धागा फार बारीक. मंचरची पराग किंवा नेस्लेची भारतीय कंपनी नोंदणीकृत आहे. सेबीच्या नियमाने बाजारमूल्यात पहिल्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरणाचा अहवाल द्यावा लागतो. पण पुरवठादारांकडचं उत्सर्जन त्यात ऐच्छिक आहे. म्हणजे चिलिंग प्लँटची वीज मोजली जाते, गाय नाही. श्रीरामपूरच्या प्रभातचा दूध व्यवसाय २०१९ मध्ये लॅक्टालिसने घेतला, पण दुबईच्या आघाडीवर सही होती ती लॅक्टालिसच्या अमेरिकी शाखेची. गोकुळ किंवा वारणेत तर बाहेरचा भागधारकच नाही. दूध घालणाऱ्यांच्या गावोगावच्या संस्था हेच तिथले सभासद, आणि सभेत भांडण होतं ते फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) आणि दराचं.

तरी मिथेन कमी होऊ शकतो, तोही त्याचं नाव न घेता. चार लिटर देणारी गाय आणि सोळा लिटर देणारी गाय शेजारी उभी करा. दुसरी जास्त खाते, म्हणून तिचा मिथेन जास्त, पण चौपट नाही. भाकड जनावर तर वायू सोडतं आणि दूध शून्य. राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाचा संतुलित आहाराचा कार्यक्रम याच गणितावर चालतो: उपलब्ध चाऱ्यातच खनिज मिश्रण आणि पेंड यांचा मेळ घालायचा, खर्च उतरतो, दूध वाढतं, लिटरमागचा मिथेन घटतो. बंगळुरूच्या पशुपोषण संस्थेने टॅनिन असलेल्या वनस्पतींपासून 'हरित धारा' नावाचं पूरक तयार केलं आहे. त्याने मिथेन १७ ते २० टक्के कमी होतो आणि दूधही वाढतं, असं संस्था सांगते. वर लिटरमागच्या आकड्याला पळवाट म्हटलं, आणि तो दोष इथेही लागू आहे. दूध वाढलं म्हणून शेतकऱ्याने आणखी एक म्हैस दावणीला बांधली, तर एकूण वायू वाढणारच. फरक एवढाच, की इथे आधी फायदा शेतकऱ्याच्या बिलात दिसतो आणि त्यासाठी त्याला कुणाच्या वार्षिक सभेतल्या ठरावाची वाट पाहावी लागत नाही.